दुपारी सैल होणारा पाय

प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलं, ‘या क्षेत्रात का यायचंय?’ आणि मी रडले.

नाटक नव्हतं ते, खरंच रडू आलं. निधी गोळा करायच्या एका दौडीत आठ-नऊ वर्षांची मुलगी कृत्रिम पायावर चालत मंचावर आली होती. ते सांगता सांगता माझा घसा दाटला. समोरच्या मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, मी दोन घोट घेईपर्यंत थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘ठीक आहे. तिला पुढचा पाय कधी बसवला?’

पुढचा?

माझ्या डोक्यात पाय एकदा बसवला की बसला, असंच होतं. वाढत्या वयाच्या मुलांना साधारण दर वर्षी, कधी त्याच्याही आधी, सॉकेट (पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ती खोबण) नाहीतर अख्खा पायच बदलावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. वर्षभरात अशा सहा कार्यक्रमांत मी स्वयंसेवक म्हणून राबले होते, सहाही प्रमाणपत्रं फाइलमध्ये लावून नेली होती, आणि एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. बरं झालं असं आज म्हणते, पण तेव्हा आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते.

क्षेत्राचं नाव प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम हात-पाय आणि अवयवांना आधार देणारी साधनं बनवणं, बसवणं, दुरुस्त करत राहणं. यातलं ‘करत राहणं’ मला फार उशिरा ऐकू आलं. तुम्ही कुठल्याही क्षेत्राकडे अशाच एखाद्या कार्यक्रमातून ओढले गेला असाल, मग ते रक्तदान असो, कर्करोग असो नाहीतर अंधांसाठीच्या शाळा, तरी पुढचं तुम्हालाही लागू आहे. नोंदणी कशी करतात, छातीवर बिल्ला कुठे लावतात हे तुम्हाला माहीत आहे. त्यात मी शिरत नाही.

मी ज्या खड्ड्यात पडले त्याबद्दल मात्र सविस्तर बोलणार आहे, कंटाळा आला तरी.

कार्यक्रमात जो हुंदका येतो ना, तो कुणीतरी जाणूनबुजून आणलेला असतो. यात फसवणूक नाही. चौथ्या कार्यक्रमाच्या वेळी मी आयोजकांच्या बैठकीत बसले तेव्हा वेळापत्रकाचा कागद पाहिला. आकडेवारीचं भाषण सुरुवातीला, कारण तेव्हा लोक अजून जागा शोधत असतात. मग संगीत. मग एकच माणूस, एकच गोष्ट, शक्यतो लहान मूल. आणि ते मूल मंचावरून उतरायच्या आत देणगीच्या पेट्या रांगांमधून फिरायला लागलेल्या. मला क्षणभर रागच आला. पण त्यामागचं कारण जुनं आहे. थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९६८ साली लिहून ठेवलंय की शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे असलेली एक विशिष्ट लहान मुलगी डोळ्यांसमोर आणली तर टपालाने पैशांचा पाऊस पडेल. पण कर कमी पडल्यामुळे रुग्णालयांची अवस्था खालावेल आणि त्यातून मृत्यू थोडे वाढतील असं सांगितलं, तर फारसं कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. माणसाचा स्वभावच तसा आहे. पैसे उभे करायचे तर आयोजकांना त्या स्वभावाशी जुळवून घ्यावं लागतं.

पण तो हुंदका दात्यासाठी असतो. दात्याचं काम पाच मिनिटांत संपतं: गहिवरला, पैसे दिले, घरी गेला. तेवढ्यापुरतं ते इंधन पुरतं. विद्यार्थ्याचं काम मात्र तिथून पुढे चार-पाच वर्षं चालणार असतं, आणि त्याला हे इंधन पुरत नाही. माझं तीन आठवड्यांत संपायचं. चौथ्या आठवड्यात अभ्यासाला बसले की पुस्तकातली अक्षरं मख्ख दिसायची, मग मी पुढचा कार्यक्रम शोधायचे. दौड झाली, मग संगीतसंध्या, मग चित्रांचा लिलाव, मग परत दौड. प्रत्येक वेळी डोळे भरून यायचे आणि मला वाटायचं, बघा, माझी ओढ किती खरी आहे! ओढ खरी होती, दिशा मात्र काहीच नव्हती. मी त्या भावनेची गिऱ्हाईक झाले होते, एवढंच.

आणि गंमत बघा, त्या वर्षी ज्या विषयात मी नापास होता होता वाचले तो होता यंत्रशास्त्र. बल, दाब, आघूर्ण (म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम). कृत्रिम पायाचं अर्धं शास्त्र याच तीन शब्दांत आहे. ज्या मुलीला पाहून मी रडत होते, तिचा पाय ज्यावर उभा होता तेच धडे मी ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवले होते, कारण मला पुढच्या कार्यक्रमाचे फलक रंगवायचे होते. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

आता खरी गोष्ट सांगते. ती पहिल्याच दौडीत घडली होती आणि मी ती वर्षभर विसरले होते.

दुपार झाली होती. मंच रिकामा, लोक पांगलेले. मी नोंदणीच्या टेबलामागे उरलेले बिल्ले मोजत होते. शेजारच्या खुर्चीत हिशेबाचं काम बघणारे एक काका होते. त्यांनी सहज, चष्मा पुसावा तसं, पँटचा पायंचा वर केला, गुडघ्याखालचा कृत्रिम पाय काढून टेबलाला टेकवून ठेवला आणि पिशवीतून एक पांढरा मोजा काढला. मी दुसरीकडे बघायला लागले. ते हसले.

‘बघ की, लाजतेस काय? दुपारी पाय सैल होतो.’

‘म्हणजे?’

‘सकाळी घट्ट बसतो, दुपारी आत डुगडुगतो. मग वर एक मोजा चढवायचा.’

‘असं का होतं, काका?’

‘ते तू शिक आणि मला सांग,’ म्हणाले, आणि मोजा चढवून, पाय घालून पावत्या लावायला बसले.

एवढंच. ना संगीत, ना टाळ्या. मी घरी जाऊन सगळ्यांना मंचावरच्या मुलीबद्दल सांगितलं. मोज्याबद्दल एका शब्दानेही बोलले नाही. मोज्याची गोष्ट ऐकून कोण रडणार?

मुलाखतीत आपटल्यावर, त्या न बोलण्याच्या आठवड्यात, मला तो मोजा आठवला. आणि वर्षात पहिल्यांदाच मी रडायच्या ऐवजी वाचायला बसले. चालताना स्नायू आखडतात-सैलावतात, सॉकेटचा दाब सतत असतो, त्यामुळे उरलेल्या पायातला द्रव हळूहळू बाहेर ढकलला जातो. आम्ही त्या उरलेल्या भागाला सरळ स्टम्प म्हणतो. स्टम्पचं आकारमान कमी होतं आणि तो सॉकेटमध्ये खाली सरकतो. खाली सरकला की भार नको तिथे यायला लागतो. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दाब सोसते. बाहेरच्या बाजूचं बारीक हाडाचं टोक आणि नडगीची धार सोसत नाही. मग लाली, मग फोड, मग आठवडाभर पाय घालायचाच नाही. म्हणून मोजे. ते जाडीनुसार मिळतात: एक प्लाय, तीन, पाच. माणूस दिवसभर आपल्या पायाचा अंदाज घेत एकावर एक चढवत जातो. पाय कापल्यानंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात तर स्टम्प इतका आकसतो की सॉकेट बदलावंच लागतं.

हे वाचताना मला जे वाटलं, ते पहिल्या दौडीत मंचासमोर वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं होतं. घसा कोरडाच होता, पण रात्रीचे दोन वाजले तरी उठावंसं वाटेना.

टेरी फॉक्सचं नाव निधी-दौडीत गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कॅनडाच्या पूर्व टोकापासून धावायला सुरुवात केली, रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर कर्करोग फुफ्फुसात पोचल्याचं कळलं आणि थांबावं लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या धावण्याचं चित्रण प्रत्येक कार्यक्रमात दाखवतात: चांगल्या पायावर दोन उड्या, मग कृत्रिम पाय, पुन्हा दोन उड्या. मी ते सहा वेळा पाहिलं आणि सहाही वेळा मला त्यात फक्त जिद्द दिसली. सातव्यांदा घरी पाहिलं तेव्हा डोक्यात आलं: दोन उड्या का? एक का नाही? तर त्याच्या कृत्रिम पायातल्या स्प्रिंगला पूर्ववत व्हायला वेळ लागायचा, आणि तो वेळ भरून काढायला ती जादा उडी होती. म्हणजे यंत्राची उणीव तो माणूस रोज हजारो वेळा स्वतःच्या शरीराने भरून काढत होता. जिद्द आहेच, कोण नाही म्हणतंय. पण ती उडी आता मला प्रश्नासारखी दिसते.

असाच प्रश्न पडलेला दुसरा माणूस व्हॅन फिलिप्स. १९७६ साली पाण्यावर घसरण्याच्या खेळात, एकविसाव्या वर्षी त्याचा पाय गेला. मिळालेला कृत्रिम पाय पसंत पडला नाही म्हणून तो हेच शास्त्र शिकायला गेला आणि कार्बन-तंतूंचा, पाऊल टेकताना वाकणारा आणि उचलताना ऊर्जा परत देणारा पाय त्याने घडवला. आज धावपटूंच्या पायाला दिसणारी ती वाकडी पाती त्याच वाटेवरून आली.

तर मग कार्यक्रमात गेल्यावर करायचं काय? मंचाजवळची कामं मागू नका. स्वागत, सूत्रसंचालन, फोटो काढणं ही कामं सगळ्यांना हवी असतात आणि त्यात शिकायला काही नसतं. (माझं मत आहे, भांडायचं असेल तर भांडा.) हिशेबाचं टेबल मागा. नोंदी मागा. कार्यक्रमानंतर दात्यांना आभाराचे फोन करायचं काम तर कुणीच घेत नाही, ते घ्या. लोक का देतात आणि पुढच्या वर्षी का देत नाहीत, हे तिथे कळतं. हिशेबाच्या टेबलावर मला समजलं की ‘फक्त पाय बसवण्यासाठी’ म्हणून दिलेला पैसा दुरुस्तीला वापरता येत नाही, आणि दुरुस्तीसाठी पैसे द्यायला फारसं कुणी पुढे येत नाही, कारण दुरुस्तीचा फोटो चांगला येत नाही. मग पेटीत पैसा असतो आणि माणूस तुटलेल्या पट्ट्यासाठी खेटे घालत असतो. हे मंचावरून कधीच सांगत नाहीत. गेल्या वर्षी ज्यांना पाय दिले त्यातले किती जण आज तो वापरतायत, एवढं एकदा विचारा. उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा. काही जण वही काढून दाखवतात. त्यांच्याकडे शिकायला जा.

आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांचे फोटो टाकू नका. मी टाकला होता, त्या मुलीचा, खाली चार ओळींचं रसाळ लिखाण. तिच्या आईचा निरोप आला: काढून टाक, तिला वर्गात चिडवतायत. दहा मिनिटांत काढला. माफी मागितली. ती ओळख तिथेच संपली, आणि चूक माझी होती.

आता आडवाटांबद्दल. तयार निवेदनं विकणारे लोक आहेत. ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड’ या वाक्याने सुरू होणारी. मुलाखत घेणाऱ्यांना ती पाठ झालेली असतात. प्रमाणपत्रांच्या जाड फाइलीबद्दल तर मी बोलूच नये, माझी सगळ्यात जाड होती. पण एक मात्र ठणकावून सांगते: कुठलाही अभ्यासक्रम निवडण्याआधी त्याला तुमच्या देशातल्या संबंधित परिषदेची मान्यता आहे का ते स्वतः तपासा. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, परिषदेच्या यादीत बघा. माझ्याबरोबरची एक मुलगी दोन वर्षं वाया घालवून परत आली. ती माझ्यापेक्षा हुशार होती.

मार्गदर्शक हा शब्द ऐकला की मला हल्ली थोडी चीड येते. कार्यक्रमातले प्रेरणादायी वक्ते भाषणानंतर नंबर देतात, मेसेजला अंगठा पाठवतात आणि विषय संपतो. मी अशा तिघांच्या मागे लागले होते. मला खरं शिकवलं ते पाय बनवणाऱ्या कार्यशाळेतल्या एका ताईंनी, आणि पहिला महिनाभर त्यांनी मला फक्त प्लास्टरचा चुरा झाडायला लावला. काकांनी ओळख करून दिली होती, तरी सवलत नाही. दुसऱ्या महिन्यात कास्टला हात लावू दिला. तेव्हा कळलं की स्टम्पचा साचा घेणं म्हणजे नुसतं प्लास्टर गुंडाळणं नाही. मग त्यातून भरीव प्रतिकृती ओततात, जिथे दाब चालेल तिथे ती खरवडतात, जिथे चालणार नाही तिथे भर घालतात, चाचणीचं सॉकेट घालून माणसाला उभं करतात, चालवतात, आणि मग पाऊल केसभर आत-बाहेर फिरवत अलाइनमेंट, म्हणजे सॉकेट आणि पावलाची एकमेकांशी जुळणी, साधतात. ताईंचा अंगठा प्रतिकृतीवरून फिरायचा आणि त्या म्हणायच्या, ‘इथे ओरडेल.’ माणूस आल्यावर तो तिथेच ओरडायचा.

जयपूर फूटचं नाव घेतलं की डॉ. प्रमोद करण सेठी आठवतात, आणि ते योग्यच आहे. १९८१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. पण तो पाय घडवण्यात रामचंद्र शर्मा या कारागिराचे हात होते, आणि त्यांचं शालेय शिक्षण फारच थोडं होतं. मार्गदर्शक शोधताना पदव्या मोजणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

फार रागावून लिहिलं का मी? थोडं सावरून घेते. तुम्हालाही कार्यक्रमात रडू आलं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, दार तिथूनच उघडतं. माझंही तिथूनच उघडलं. त्या दाराशीच वर्षभर उभी राहिले, एवढीच चूक. मार्क कमी आहेत, शास्त्र शाखा नाही, म्हणून खचू नका. या क्षेत्रात तंत्रज्ञांची वेगळी वाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली काढलेल्या मानकांतही रुग्णाला तपासून पाय बसवणारे आणि कार्यशाळेत तो घडवणारे, दोघांनाही जागा आहे. माणसं कमी आहेत आणि काम अफाट. त्याच संघटनेने युनिसेफबरोबर काढलेल्या २०२२ च्या अहवालात चष्म्यापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत एखादं तरी सहाय्यक साधन लागणाऱ्यांची संख्या २५० कोटींहून जास्त दिली आहे. तुमची गरज नाही असं म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

दुसऱ्या वर्षीच्या मुलाखतीला मी फाइल नेली नाही. प्रश्न तोच, मॅडमही त्याच. मी मोज्याबद्दल बोलले, बराच वेळ. मधेच त्यांनी विचारलं, ‘मोजे घालण्याऐवजी सॉकेटच दुपारच्या मापाचं बनवलं तर?’ मी म्हटलं, मग सकाळी पाय आतच जाणार नाही. ‘आणि ज्यांचा स्टम्प दुपारी सुजतो त्यांचं काय?’ मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. प्रवेश मिळाला. त्या ‘माहीत नाही’मुळे मिळाला की ते असूनही मिळाला, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

आता तिसऱ्या वर्षाला आहे. अलाइनमेंटमध्ये अजून चुकते, आणि परवा एका आजोबांनी ‘पोरी, तुझ्यापेक्षा जुना पाय बरा होता’ असं तोंडावर सांगितलं. रात्री झोप लागली नाही. होतं असं.

यंदाच्या दौडीला मी हिशेबाच्या टेबलावर होते, काकांच्या शेजारी. दुपारी त्यांनी पायंचा वर केला, पाय काढला. बाहेरच्या हाडाच्या टोकापाशी लाल डाग होता. मी पिशवीकडे बघितलं.

‘किती चढवलेत?’

‘पाचचे दोन. आणि वर तीनचा एक.’

‘तेरा प्लाय? काका, आता मोजे पुरे झाले, सॉकेटच नवं करायला हवं.’

‘ताई वर्षभर तेच सांगतेय.’

‘मग कधी जाताय?’

त्यांनी पावत्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. ‘आधी हे जुळव. दोन पावत्या कमी येतायत.’